अडीच दिवसांची मुंबई: पाच जणांच्या सहलीत काय घेतले, काय सोडले

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे पाच जणांचे कुटुंब दिवाळीच्या सुटीत मुंबई पाहायला आले होते. हे प्रकरण त्या सहलीच्या आखणीचे आहे. कुटुंबप्रमुख माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात, त्यांच्या पत्नी घरी शिवणकाम करतात, मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत आहे. शिक्षकांच्या आई, ज्यांचा उल्लेख पुढे आजी असा केला आहे, बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले असून शक्यतो जिने टाळावेत, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेले आहे. शिक्षक माझे महाविद्यालयातील मित्र आहेत आणि मी बरीच वर्षे परळ भागात राहत असल्यामुळे आखणीचे काम माझ्याकडे आले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे आणि सोमवारी रात्री त्याच गाडीने परतायचे, एवढे आरक्षणामुळे आधीच ठरलेले होते. आजी मुंबईत यापूर्वी एकदाच, लग्नानंतर दोन वर्षांनी, आठ दिवसांसाठी आल्या होत्या. बाकीचे चौघे पहिल्यांदाच येत होते.

अडचण

कुटुंबाने फुलस्केप कागदावर लिहिलेली यादी माझ्याकडे पाठवली, तेव्हा तीत एकोणीस ठिकाणे होती. गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, कान्हेरी, नेहरू तारांगण, चौपाटी, एका नटाचा वांद्र्यातील बंगला, सागरी सेतू अशी ती यादी होती. प्रत्येक ठिकाण आपापल्या जागी योग्यच होते. परंतु ही ठिकाणे कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विखुरलेली होती, आणि हे अंतर नकाशावर दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात फार मोठे आहे.

त्यात वारांची अडचण होती. घारापुरीची लेणी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील कान्हेरी, तसेच तारांगण, ही सर्व सोमवारी बंद असतात. रविवारी लोकलच्या मार्गांवर देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. म्हणजे लांबच्या ठिकाणांसाठी प्रत्यक्षात शनिवार आणि रविवार हे दोनच दिवस उरत होते, आणि शनिवारी मंडळी रात्रभराच्या प्रवासाने थकलेली असणार होती.

तिसरी अडचण आम्हाला सुरुवातीला अडचण म्हणून दिसलीच नाही. प्रत्येकाला आपली इच्छा सांगायला सांगितले होते. मुलाला पेंग्विन पाहायचे होते आणि दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसायचे होते. मुलीला वांद्र्याचा तो बंगला आणि रात्रीचा मरीन ड्राइव्ह पाहायचा होता. शिक्षकांना घारापुरी, हुतात्मा चौक आणि वस्तुसंग्रहालय हवे होते, तर त्यांच्या पत्नींना समुद्र आणि थोडी खरेदी. आजींचे उत्तर होते, "मला काय करायचंय बघून, पोरांनी बघू दे." आम्ही ते उत्तर आहे तसे मान्य करून त्यांच्या नावापुढे सिद्धिविनायक लिहून टाकला. ही या आखणीतील सर्वांत मोठी चूक होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय एक दिवसाच्या मुंबई दर्शन बसचा होता. खर्च कमी, वाट शोधण्याची चिंता नाही आणि यादीतील बरीच नावे एका दिवसात खोडून टाकता येतात. परंतु अशा बसमध्ये प्रत्येक ठिकाणी उतरायचे, ठरलेल्या मिनिटांत पाहायचे आणि पुन्हा चढायचे असते. आजींना ते झेपले नसते, आणि गाडीतच बसून राहायचे तर त्यांना आणण्यात अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय असा होता की आजींना डोंबिवलीला त्यांच्या लेकीकडे, म्हणजे मुलांच्या आत्याकडे, ठेवून बाकीच्यांनी मोकळेपणी फिरावे. शिक्षकांचा कल काही दिवस याच पर्यायाकडे होता. तिसऱ्या पर्यायात सर्वांनीच आत्याकडे उतरायचे होते. मुंबईत जाऊन लेकीच्या घरी न उतरता लॉजमध्ये राहणे आपल्याकडे लोकांना खटकते, त्यामुळे या पर्यायामागे नात्याचे वजन होते. मात्र डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनेही तास-सव्वा तास लागतो. सोमवारी सकाळच्या गर्दीत आजींना लोकलमध्ये चढवणे मला सुरक्षित वाटत नव्हते, आणि ते मी स्पष्टपणे सांगितले.

चौथा पर्याय फोर्ट भागात दोन रात्री लॉज घेऊन दक्षिण मुंबईतच राहण्याचा होता. खर्च वाढत होता, आत्या दुखावण्याची शक्यता होती आणि उपनगरातील प्रत्येक ठिकाण सोडावे लागणार होते.

निर्णय कशाच्या आधारे घेतला

पर्यायांवर फोनवर बोलणी चालली असताना शिक्षकांनी विचारले की आईला दिवसभरात नेमके किती चालता येते. हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता. उत्तर असे निघाले की सपाट रस्त्यावर मध्ये बसत बसत आजी बऱ्यापैकी चालू शकतात, पण जिन्याने उतरताना त्यांचा गुडघा धरतो आणि दोन-तीन वेळा जिना झाला की संध्याकाळी पाय सुजतो. तेव्हा आम्ही किलोमीटर आणि ठिकाणे मोजणे सोडले आणि चढउतार मोजायला घेतले. कोणताही जिना चढून उतरणे म्हणजे एक, लोकलचा प्रवास म्हणजे पुलासह एक, हलत्या बोटीत चढणे-उतरणे म्हणजे दोन, असा हिशेब धरला, आणि आजींच्या वाट्याला एका दिवसात तीनपेक्षा अधिक चढउतार येऊ द्यायचे नाहीत असे ठरवले.

या मोजमापाने यादी झपाट्याने आटली. घारापुरीला गेटवेहून लाँचने सुमारे तासभर लागतो, आणि बेटावर उतरल्यानंतर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघाताची बातमी शिक्षकांच्या पत्नींच्या मनात होती, तेही एक कारण झाले. जागतिक वारशाच्या यादीत १९८७ मध्ये गेलेली ही लेणी सोडणे शिक्षकांना जड गेले, आणि त्यांची समजूत काढायला मला दोन फोन करावे लागले. कान्हेरी आणि उपनगरातील बाकीची ठिकाणे मात्र फारशी चर्चा न होता गळाली.

याच हिशेबाने काही गोष्टी सोप्याही झाल्या. सीएसएमटी हे अखेरचे स्थानक असल्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर पूल न चढता फलाटावरून सरळ बाहेर पडता येते. दादरला उतरले असते तर तिथेच पहिला चढउतार झाला असता. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली आहे, तिच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि सिद्धिविनायकाचे स्थानक मंदिराजवळच आहे. त्यामुळे सीएसएमटी ते सिद्धिविनायक हा प्रवास आजींच्या खात्यावर शून्य चढउतारांचा ठरला. पूर्वी हाच प्रवास मी कोणाही वयस्कर पाहुण्याला लोकलने करू दिला नसता.

चौथा पर्याय नक्की झाला. आत्याला शिक्षकांनी नव्हे, तर आजींनी स्वतः फोन केला आणि रविवारची संध्याकाळ सर्वांनी चौपाटीवर एकत्र घालवायची असे ठरले.

निघण्याच्या दोन दिवस आधी शिक्षकांनी आजींना पूर्ण कार्यक्रम वाचून दाखवला. तो ऐकून झाल्यावर आजींनी विचारले, "त्यात तुझ्या आबांचा गाळा लागतो का रे वाटंत?" शिक्षकांचे वडील, म्हणजे आजींचे यजमान, लालबागमधील एका कापड गिरणीत कामगार होते. भारतमाता चित्रपटगृहाच्या मागच्या बाजूला त्यांच्या गावकऱ्यांचा एक गाळा होता. त्यात गावची माणसे पाळीप्रमाणे झोपत आणि खाणावळीत जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा त्यांचीही नोकरी गेली. ते गावी परतले आणि पुन्हा मुंबईला आले नाहीत. आजींनी पाहिलेली मुंबई म्हणजे त्या गाळ्याशेजारच्या एका बिऱ्हाडातील आठ दिवस होते. एकोणीस ठिकाणांच्या यादीत लालबाग नव्हते, कारण पाहण्याच्या जागांमध्ये त्याची गणना होते हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

सोमवारचा कार्यक्रम त्याच रात्री बदलला. तो बदलणे फारसे कठीण गेले नाही, कारण लालबागहून भायखळ्याची राणीची बाग आणि पुढे सीएसएमटी हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने जवळजवळ सरळ दक्षिणेचा रस्ता आहे. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि सोमवारी उघडी असते. हाजी अली आणि महालक्ष्मी काढून टाकले, तेव्हा लालबागसाठी दीड तास मोकळा झाला.

प्रत्यक्ष कार्यवाही

शनिवारी सकाळी पहिलाच हिशेब चुकला. लॉजमध्ये लिफ्ट आहे का, हे मी फोनवर विचारले होते आणि आहे असे उत्तर मिळाले होते. लिफ्ट खरोखरच होती, परंतु ती सुरू होत होती ती रस्त्यापासून चौदा पायऱ्या चढून गेल्यावर. फोर्टमधील जुन्या इमारतींत अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. लाकडी, उभा जिना आणि एकाच बाजूला कठडा. प्रत्येक वेळी बाहेर जाऊन येण्याचा एक चढउतार वाढला, म्हणजे दिवसाच्या तीनपैकी दोन लॉजवरच खर्च होऊ लागले. दुपारी विश्रांतीला परत यायचे, हा आखणीतील चांगला भाग त्यामुळे महाग पडला.

म्हणून त्या दिवशी दुपारी परत न येता सगळी मंडळी वस्तुसंग्रहालयातच थांबली. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे. त्याच्या आवारात झाडांखाली निवांत बसता येते. शिक्षकांना सर्व दालने पाहायची होती. आम्ही त्यांना तीनच निवडायला सांगितले आणि मुलांसाठी प्राणी-पक्ष्यांचे दालन वेगळे ठेवले. आजींनी तळमजल्यावरील मूर्ती पाहिल्या आणि नंतर त्या बागेत बसल्या. हे ठरवून केलेले नव्हते, पण पूर्ण सहलीत याहून चांगली दुपार दुसरी झाली नाही.

संध्याकाळी गेटवेला शनिवारची प्रचंड गर्दी होती. ४ डिसेंबर १९२४ रोजी खुल्या झालेल्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी बाहेर पडली, हे शिक्षकांनी मुलांना तिथेच उभे राहून सांगितले. बंदरात अर्धा तास फिरवून आणणारी बोट शिक्षक आणि मुलांनी घेतली, आजी आणि सूनबाई काठावर थांबल्या. परतताना दुमजली वातानुकूलित बस मिळाली आणि मुलाला वरचा पुढचा बाक मिळाला.

रविवारी सकाळी फोर्टमधील कार्यालये बंद असल्यामुळे रस्ते मोकळे होते. हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर आणि ओव्हल मैदान हा फेरा त्यामुळे सुखाचा झाला. ओव्हलच्या एका बाजूला एकोणिसाव्या शतकातील गॉथिक इमारती आणि समोर विसाव्या शतकातील आर्ट डेको इमारती उभ्या आहेत, आणि हा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्याच वाटेने आठवड्यातून चारदा जाणाऱ्या मला हा फरक नववीतल्या मुलीने खिडक्यांच्या आकारांवरून दाखवून दिला. हुतात्मा चौकात शिक्षक बराच वेळ थांबले. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराचा धडा ते दरवर्षी शिकवतात, पण ती जागा त्यांनी पाहिलेली नव्हती.

दुपारी विश्रांती घेऊन मंडळी साडेचारला गिरगाव चौपाटीवर पोहोचली. आत्याचे कुटुंब मात्र सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आले. त्यांच्या मार्गावर मेगाब्लॉक होता. आमच्या मंडळींना रविवारी लोकलने फिरवायचे नाही याची काळजी मी घेतली होती, पण डोंबिवलीहून येणाऱ्यांनाही तोच ब्लॉक लागणार हे माझ्या ध्यानात आले नाही. आजी वाळूत बसून राहिल्या आणि लेक आल्यावरच पाण्यात पाय बुडवायला उठल्या. वाळूत त्यांना जरासुद्धा त्रास झाला नाही. मरीन ड्राइव्हचे दिवे सर्वांनी मिळून पाहिले.

सोमवारी सकाळी मेट्रोने सिद्धिविनायक झाला. मंगळवारची गर्दी टळल्यामुळे दर्शन लवकर आटोपले. तिथून दोन टॅक्सी कराव्या लागल्या, कारण काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात आणि आम्ही, मी धरून, सहा जण होतो. लालबागला आजींनी सांगितलेली खूण भारतमाता चित्रपटगृहाची होती आणि ती लगेच सापडली. गाळा ज्या चाळीत होता ती चाळ राहिलेली नव्हती, तिच्या जागी उंच इमारत उभी होती. आजी समोरच्या पदपथावर एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या. शेजारच्या पानटपरीवरील वृद्ध गृहस्थांनी त्यांना गाव विचारले, आणि तालुक्याचे नाव ऐकल्यावर त्या भागातील माणसांची खाणावळ कोणत्या गल्लीत होती ते बोट करून दाखवले. आजींनी मुलाला जवळ बोलावले आणि एवढेच सांगितले, "तुझं आबा हितनं रोज दोन टायमाला जायचं." त्या वीस-पंचवीस मिनिटे तिथे बसल्या. तोवर सूनबाईंनी चिवडा गल्लीतून चिवडा आणि तिखटाचा मसाला घेतला आणि खरेदीही तिथेच उरकली.

दुपारी राणीची बाग झाली. २०१६ मध्ये सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन आणि त्यांची पुढची पिढी मुलाने काचेला नाक लावून पाहिली. बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हाच तो हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना पडून फुटला आणि पुढे १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. शिक्षकांनी सांध्यांच्या भेगांवरून हात फिरवला आणि मुलांना ते जोड एकेक करून मोजायला लावले. घारापुरी सुटल्याची त्यांची नाराजी तिथे पुष्कळ कमी झाली.

फलित

एकोणीसपैकी आठ ठिकाणे झाली आणि यादीत नसलेली दोन झाली. शनिवार आणि रविवारी आजींचे चढउतार ठरवलेल्या मर्यादेत राहिले. सोमवारी मर्यादा एकाने ओलांडली, कारण सामान घेण्यासाठी लॉजवर जाताना त्या आमच्याबरोबर वर आल्या आणि आम्ही त्यांना अडवले नाही. संध्याकाळी उजवा पाय थोडा सुजला होता. मुलगा, शिक्षक आणि त्यांच्या पत्नी समाधानी होते. मुलगी नव्हती, आणि तिने ते प्रामाणिकपणे सांगितले. तिच्या दोन इच्छांपैकी एकच पूर्ण झाली, आणि वांद्रे वगळण्याचा निर्णय तिला न विचारता मोठ्यांनी घेतला होता.

वेगळे काय करता आले असते

मुलीची तक्रार रास्त आहे. पाचही जणांनी सदैव एकत्रच फिरायचे, हे आम्ही कधीही बोलून न दाखवता गृहीत धरले होते. रविवारी दुपारी आजी विश्रांती घेत असताना शिक्षक आणि मुलगी चर्चगेटहून वांद्र्याला जाऊन तीन तासांत परत येऊ शकले असते. मोजमापाची अट आजींच्या गुडघ्यांसाठी होती, पण आम्ही ती अजाणता सर्वांवर लादली. बंदरातील बोटीच्या वेळी गट विभागला तेव्हा कोणाचेही बिघडले नव्हते, हे शनिवारीच दिसले होते.

लॉजला 'लिफ्ट आहे का' असे विचारण्याऐवजी 'रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत' असे विचारायला हवे होते. आता मी कोणासाठीही खोली ठरवताना हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणारा माणूस बहुधा थांबून, मोजून आकडा सांगतो.

आजींची इच्छा शेवटच्या दोन दिवसांत कळली हा योगायोग होता. घरातल्या सर्वांसमोर विचारल्यावर वयस्कर बाई आपले काही मागणार नाही, हे आम्हाला माहीत असायला हवे होते. शिक्षकांनी त्यांना एकटे असताना 'काय बघायचे आहे' असे न विचारता 'त्या वेळी मुंबईत काय काय बघितले होते' असे विचारले असते, तर लालबागचे नाव पहिल्याच दिवशी निघाले असते. तेवढा अवधी मिळता तर त्यांच्या गावच्या मंडळींपैकी अजून त्या भागात राहणाऱ्या एखाद्याचा पत्ता मी शोधला असता. गेल्या महिन्यात तसे एक कुटुंब काळाचौकीला सापडले आहे. आजींनी त्यांच्याशी फोनवर बोलून घेतले आणि ते कितव्या मजल्यावर राहतात, हे शिक्षकांनी मला विचारून ठेवायला सांगितले आहे.